नाशिकमध्ये चार दिवस, तापमापक घेऊन

फेब्रुवारीचा पहिला आठवडा निवडण्याचं कारण सरळ आहे. द्राक्षांची काढणी जोरात असते, वाईनरीच्या टाक्यांत रस फसफसत असतो, निफाडची पहाट अजून बोचरी असते आणि कांद्याच्या चाळी रिकाम्या असल्यामुळे आत डोकावून बघता येतं. सोबत घ्यायचं सामान थोडकंच: टोकाचा डिजिटल तापमापक, लांबून तापमान दाखवणारी इन्फ्रारेड गन, काळ्या इन्सुलेशन टेपचं एक रीळ. गणितासाठी दोन आकडे पाठ असावेत. लिटरभर पाणी एक अंशाने तापवायला ४.१९ किलोज्यूल लागतात आणि विजेचं एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल. उष्णता निर्माण करणं फारसं अवघड नाही. ती हवी तिथे अडवणं आणि नको तिथून बाहेर काढणं यातच सगळी कारागिरी आहे, आणि नाशिक-निफाड-इगतपुरी या टापूत ती जागोजागी बघायला मिळते.

दिवस पहिला : मिसळ, बंब, कल्हई

सकाळची सुरुवात मिसळीनेच. चुलीवरच्या मिसळीच्या ठिकाणी रश्शाचं पातेलं रटरटत असतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास असल्याने इथे साधं पाणी शंभरला न उकळता ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. दोन अंशांनी काय होतंय, असं वाटतं. पण उघड्या पातेल्यात मटकी-वाटाणे शिजवणाऱ्याला मुंबईच्या मानाने थोडा जास्त वेळ मोजावा लागतो. कुकरलाही हा हिशेब सुटत नाही. शिट्टीचं वजन आतला दाब बाहेरच्यापेक्षा ठरावीक इतकाच जास्त ठेवतं, त्यामुळे बाहेरची हवा विरळ झाली की कुकरच्या आतलं तापमानही अंशभराने खाली येतं.

खरी गंमत तर्रीत आहे. वाटीत रस्सा येतो तेव्हा वाफ जवळजवळ दिसत नाही, म्हणून माणूस बिनधास्त भुरका मारतो आणि जीभ पोळते. ८० अंशांच्या उघड्या पाण्याची उष्णता मुख्यतः बाष्पीभवनाने जाते. ग्रॅमभर पाणी वाफ होऊन गेलं की २.३ किलोज्यूल सोबत नेतं. वर तेलाचा अखंड थर असला की ही वाट बंद. शेजारी एका वाटीत तर्री घातलेला आणि एका वाटीत बिनतर्रीचा रस्सा ठेवून दहा मिनिटं तापमापक बुडवा, फरक अंगठ्याएवढा स्पष्ट दिसतो. पाव बुडवला की थर फाटतो आणि लगेच वाफ निघू लागते. मोड आलेल्या मटकीचं गाठोडं मिळालं तर त्याच्या मधोमध टोक खुपसून बघा: बाहेरच्या हवेपेक्षा गरम लागतं. मोड येताना दाणा श्वास घेतो, साठवलेला पिष्ट जाळतो. घट्ट बांधून वरून घोंगडी टाकली की थंडीतही मोड येतात ते याच उष्णतेवर. उन्हाळ्यात तेच गाठोडं तसंच ठेवलं तर मटकी चिकट होऊन वास मारते.

तिथून सराफ बाजाराच्या बाजूने भांडीबाजारात आणि तांब्या-पितळेच्या दुकानांत. इथे इन्फ्रारेड गन काढली की पहिला धडा मिळतो: चकचकीत तांब्यावर ती साफ खोटं बोलते. गन पृष्ठभागातून निघणारं प्रारण मोजते आणि घासलेलं तांबं फारसं प्रारण सोडतच नाही. उलट समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब दाखवतं. उकळत्या पाण्याचा तांब्याचा हंडा गनला कोमट वाटतो. त्यासाठीच काळी टेप: इंचभर चिकटवून, टेपवर नेम धरून मोजायचं. हीच गोष्ट उलटी वापरली तर फायदा आहे. घासलेल्या तांब्याच्या बंबाच्या अंगावरून प्रारणाने कमी उष्णता जाते, काळवंडलेल्या बंबावरून जास्त. म्हणजे बंब चिंचेने घासून ठेवणारी आजी उगाच मेहनत घेत नव्हती.

बंबाकडे जरा थांबून बघायला हवं, कारण घरगुती उष्णतायंत्रात इतकी नेटकी रचना क्वचितच सापडते. बाहेर पाण्याची टाकी, साधारण वीस-पंचवीस लिटरची. मधोमध आरपार गेलेली नळी, तिच्या तळाशी जाळी, खाली राखेचा कप्पा. वरून नळीत लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या, भुसकट टाकायचं. जाळ पाण्याच्या पोटातच असल्याने त्याची उष्णता बाहेर पडायला पाणी ओलांडूनच जाते. उघड्या चुलीवर मात्र जाळ पातेल्याच्या बाजूने हवेत निसटतो. गरम धूर हलका, नळी उभी, त्यामुळे ओढ आपोआप तयार होते आणि जाळीखालून ताजी हवा खेचली जाते. राखेचा कप्पा भरला की ही ओढ मरते, बंब धुरकटतो आणि लोक ‘लाकूड ओलं आहे’ म्हणतात. आधी राख काढून बघावी.

बाजूला नरसाळं असलेला बंब मिळाला तर तोच घ्यावा. नरसाळ्यातून ओतलेलं थंड पाणी नळकांड्यातून थेट तळाशी जातं आणि वरच्या तोंडातून तेवढंच गरम पाणी बाहेर पडतं. ६० अंशांचं पाणी २२ अंशांच्या पाण्यापेक्षा लिटरमागे साधारण पंधरा ग्रॅम हलकं असतं, म्हणून ते वरच राहतं आणि थंडात पटकन मिसळत नाही. शिवाय गार पाणी ओतल्याशिवाय गरम मिळतच नाही, म्हणजे टाकी कधी रिकामी पडत नाही. खाली तोटी असलेल्या बंबाचा घात तिथेच होतो: कुणीतरी सगळं पाणी काढून घेतं, आत निखारे तसेच असतात आणि नळीचा सांधा उघडा पडतो. सांधा जोडणारा कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासून वितळायला लागतो. पाणी असेपर्यंत तांब्याचा पत्रा शंभराच्या वर फारसा जात नाही, पाणी संपलं की काही मिनिटांत सांधा सुटतो. ‘बंब गळतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून सुरू होते. दुसरी कुरकुर क्षाराची. बोअरचं जड पाणी तापलं की चुनखडी नळीवर बसते. तांबं उष्णता वाहून नेण्यात क्षारापेक्षा दोनेकशे पटीने सरस, म्हणून मिलिमीटरभर क्षार म्हणजे वीतभर जाडीच्या तांब्याएवढा अडथळा. लिंबाचं फूल कोमट पाण्यात विरघळवून तासभर ठेवलं की तो सुटतो.

आता तुलना. वीस लिटर पाणी २२ वरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १,९३० किलोज्यूल, म्हणजे अर्ध्या युनिटपेक्षा किंचित जास्त. वाळलेल्या लाकडात किलोमागे पंधरा हजार किलोज्यूल धरले आणि त्यातले पस्तीस टक्के पाण्याला लागले, तर पावणेचारशे ग्रॅम लाकूड पुरे. गिझर लावला तर? एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, मिळून ६३० मेगावॉट. आपल्याकडच्या राखाळ कोळशावर अशा संचांना युनिटमागे साधारण साडेसहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा लागतो. अर्धं युनिट म्हणजे साडेतीनशे ग्रॅमच्या पुढे, तारांमधली गळती वेगळी. लाकडाच्या आणि कोळशाच्या दोन्ही ढिगल्या हातात जवळपास सारख्याच भरतात. गिझरचा धूर आपल्या अंगणात येत नाही, एवढंच. कोळशाच्या उष्णतेतला दोन तृतीयांश भाग धुराड्यातून आणि वाफ थंड करताना हवेत आणि पाण्यात जातो. बंब उष्णतेची वीज करत नाही, थेट वापरतो, म्हणून त्याला तो दंड भरावा लागत नाही.

तांबट ठोके मारतो तेव्हा तांबं ठोक्यागणिक ताठ होत जातं. ठोकून ठोकून आवाज बद्दवरून खणखणीत झाला की पत्रा तडकायच्या बेताला आला असं समजायचं. मग भट्टीत मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवतात. लोखंडाची सवय असलेल्यांना हे चमत्कारिक वाटतं, कारण तापलेलं पोलाद पाण्यात टाकलं की कडक होतं. तांबं मात्र तापल्यानेच मऊ होतं, पाण्यात बुडवणं केवळ वेळ वाचवायला आणि वरची काळी पापडी झटकायला. शेवटी जे एकसारखे ठोके उमटवतात त्याला मठारणं म्हणतात. त्याने भांड्याला ताठपणा येतो. ‘मठारलेल्या तांब्यात पाणी जास्त गार राहतं’ असं सांगून चार पैसे जास्त घेणाऱ्याकडे हसून बघावं.

कल्हईवाला सापडला तर त्याच्या शेजारी उकिडवं बसावं. पितळेचं पातेलं आतून घासून, भात्याच्या निखाऱ्यावर फिरवत तापवतात. कथलाची कांडी टेकवली आणि ती लोण्यासारखी पसरली की तापमान २३२ अंशांच्या वर गेलं. लगेच नवसागराची पूड, कापसाचा बोळा, आणि एका वेढ्यात चांदी फिरावी तसं पातेलं पांढरं होतं. तापलेला नवसागर अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वायूत फुटतो. आम्ल पितळेवरची गंजाची पापडी खाऊन टाकतं, तेव्हाच कथील चिकटतं. थोडं वर थंड हवेत तेच दोन वायू पुन्हा एकत्र येऊन पांढरा धूर होतो. तो नाकात जाऊ नये म्हणून वाऱ्याची दिशा बघून बसा. पातेलं कमी तापलं तर कथलाचे गोळे राहतात, जास्त तापलं तर थर पिवळट-काळपट पडतो. आणि कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नये, त्यात कोरडं भाजू नये. २३२ अंश गाठायला दोन-तीन मिनिटंही लागत नाहीत. पाणी, आमटी, ताक असेल तोवर धोका नाही.

दिवस दुसरा : निफाडची पहाट, द्राक्ष, कांदा

पहाटे साडेचारला नाशिक सोडून चांदोरीमार्गे निफाड. थंडीच्या बातम्यांत राज्यात सर्वांत कमी तापमान म्हणून निफाडचं नाव येतं ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या नोंदींवरून. आकाश निरभ्र, हवा कोरडी, वारा पडलेला अशा रात्री जमीन तिची उष्णता थेट आकाशात सोडते. चौरस मीटरमागे साठ ते नव्वद वॅट. गार झालेली हवा जड, ती खोलगट वावरात साचते. तापमापक एकदा घोट्याशी आणि एकदा डोक्याच्या वर धरून बघा: खाली दोन-तीन अंश कमी सहज दिसतात. उंचावरच्या बागेपेक्षा ओढ्याकाठची बाग आधी मार खाते ती यामुळेच.

बागायतदार अशा रात्री बांधावर शेकोट्या करतात. पालापाचोळा ओला करून धूर धरतात, ‘धुराची चादर पसरते’ असं म्हणतात. इथे जरा वाद घालायला हवा. जमीन जे प्रारण सोडते त्याची तरंगलांबी दहा मायक्रॉनच्या आसपास. धुराचे कण त्याहून कितीतरी बारीक, त्यामुळे प्रारण त्यांच्यातून आरपार जातं. धुकं मात्र अडवतं, कारण त्याचे थेंब मोठे. म्हणजे शेकोटीचा उपयोग होतो तो उष्णतेचा आणि हवा ढवळली जाण्याचा. पाचोळा ओला करून धूर वाढवण्यापेक्षा कोरडा जाळ लहान-लहान आणि जास्त ठिकाणी केलेला बरा. एकच मोठा जाळ केला तर गरम हवा खांबासारखी सरळ वर निघून जाते आणि भोवतालची थंड हवा बागेत ओढली जाते.

ठिबक चालू करण्यात जास्त दम आहे. नऊ बाय पाच फुटांवर एकरी ९६८ वेली. वेलीला ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर धरले तर तासाला ७,७४४ लिटर. विहिरीचं पाणी दहा अंशांनी गार होताना एकराला नव्वद किलोवॅट उष्णता देतं, म्हणजे चौरस मीटरला बावीस वॅट. तोट्याचा पाव ते एक तृतीयांश भाग भरून निघतो. शिवाय ओली माती खालची ऊब वर आणते, भुसभुशीत कोरडी माती आणत नाही. पण द्राक्ष तयार झालेलं असेल तर हाच उपाय अंगाशी येतो. रात्री पानं पाणी उडवत नाहीत, मुळं मात्र ढकलत राहतात. थंडीने आखडलेली साल ताणली जात नाही आणि पहाटे मणी तडकतात. साखर उतरलेल्या घडांच्या बागेत म्हणूनच पाणी थोडं-थोडं आणि हात राखून. निर्यातीच्या बागांत घडांना कागद गुंडाळलेले दिसतात तेही तापमानाशीच संबंधित. रात्र फार थंड आणि दिवस फार तापलेला असा फरक वाढला की हिरव्या थॉमसन जातीच्या मण्यांवर गुलाबी छटा चढते. ‘पिंक बेरी’ म्हणून तो माल बाजूला पडतो.

काढणी सकाळी लवकर सुरू होते आणि ऊन चढायच्या आत थांबते. पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या पॅकहाऊसमध्ये गेलो की का ते कळतं. तोडलेला घड जिवंतच असतो, श्वास घेतो, देठातून पाणी गमावतो. टनभर द्राक्षं २२ अंशांवरून २ अंशांवर आणायला ७४ हजार किलोज्यूल काढावे लागतात, म्हणजे वीस युनिट उष्णता. शीतयंत्र एका युनिट विजेत अडीच-तीन युनिट उष्णता बाहेर फेकतं, तेव्हा टनाला सात-आठ युनिट वीज, त्यात पंखे आणि दारातून शिरणारी ऊब वेगळी. घड ३२ अंशांवर तोडला तर हा हिशेब दीडपट होतो. पहाटेची थंडी फुकटची, ती वापरली नाही तर विकत घ्यावी लागते.

प्रीकूलिंगची खोली आणि शीतगृह या वेगळ्या गोष्टी आहेत, बरेच पाहुणे इथे चुकतात. शीतगृह थंड माल थंड ठेवतं. गरम माल थंड करायला ते फार हळू. प्रीकूलिंगमध्ये पेट्यांच्या दोन भिंती समोरासमोर रचतात, मधल्या बोळावर वरून आणि पुढून ताडपत्री ओढतात आणि मागचा मोठा पंखा बोळातली हवा खेचतो. बाहेरची गार हवा मग पेट्यांच्या भोकांतूनच आत येऊ शकते. सहा ते आठ तासांत मण्याच्या पोटातलं तापमान चारच्या खाली यायला हवं. येत नसेल तर आधी तीन गोष्टी तपासाव्यात: ताडपत्री कुठे फाटली किंवा उचलली गेली का, वरखाली पेट्यांची भोकं एका रेषेत आहेत का, आणि आतली प्लॅस्टिकची पिशवी भोकांवर चिकटली का. तापमान हवेचं मोजून उपयोग नाही, तापमापकाचं टोक मण्यात खुपसायचं.

त्यानंतर शून्य ते एक अंश आणि नव्वद टक्क्यांवर आर्द्रता. पेटीत वर जो कागदी पॅड असतो त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट. ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि बुरशी दाबून ठेवतो. पेटी थंड खोलीतून गरम धक्क्यावर काढून तासभर ठेवली की मण्यांना घाम सुटतो, पॅड ओला होतो, वायू एकदम सुटतो आणि देठाजवळ मणी पांढरे पडतात. घाम म्हणजे बाहेरच्या हवेतली वाफ. ती थांबवायची तर धक्काच गार हवा. दार उघडं ठेवून गप्पा मारणारा ड्रायव्हर किती महागात पडतो, ते इथल्या सुपरवायझरला विचारावं.

निर्यातीत न बसलेला गोड माल बेदाण्याला जातो. शंभर लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑइल, सामू (पीएच) अकराच्या आसपास. घड त्यात दोन ते चार मिनिटं बुडवून सावलीतल्या जाळ्यांवर पसरतात. मण्यावरच्या मेणाच्या थरातून पाणी एरवी जाता जात नाही, या द्रावणाने वाट मोकळी होते आणि बारा-पंधरा दिवसांत बेदाणा होतो. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा, म्हणजे तीन किलो पाणी उडालं. तेवढं पाणी विजेवर उडवायचं तर दोन युनिट लागली असती, इथे ते काम वारा करतो. वारंवार बुडवून द्रावणाचा सामू उतरला की पुढचे घड वाळायला रेंगाळतात. थेट ऊन लागलं की बेदाणा हिरवा न राहता तांबूस होतो.

दुपारी लासलगाव. बाजार समिती १९४७ ची, कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग ठरलेली. या दिवसांत लिलावात लाल आणि रांगडा कांदा असतो, तो टिकाऊ नाही. साठवायचा उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलनंतर येणार, म्हणून आसपासच्या वस्त्यांवर चाळींची डागडुजी चाललेली. चांगली चाळ ओळखायची खूण जमिनीकडे वाकून बघितल्याशिवाय मिळत नाही: तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला हवा आणि फळ्यांत फटी हव्यात. कप्प्याची रुंदी चार फूट, ढीग पाच फुटांच्या आत. कांदा श्वास घेत तापतो. ढिगाच्या मधली गरम हवा वर चढते आणि खालून गार हवा आत येते. धूर नसलेला बंबच म्हणा ना. कुणी जास्त माल बसावा म्हणून सहा-सात फूट भरतो किंवा पावसाच्या भीतीने खालची फट बारदानाने बुजवतो आणि ऑगस्टमध्ये मधोमध काळं पाणी सुटतं. एकपाखी (कप्प्यांची एकच ओळ असलेली) चाळ दक्षिणोत्तर बांधतात, दुपाखी (दोन ओळींची) पूर्व-पश्चिम. पण चाळ कितीही चांगली असो, मान ओली राहिलेला कांदा तिथे टिकत नाही. काढल्यावर तीन-चार दिवस शेतातच, एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरून. मग इंचभर मान ठेवून कापणी. मग सावलीत दहा-बारा दिवस. जोड कांदे आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) बाहेर.

लासलगावातच भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली सुरू केलेलं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र आहे. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून कांद्याच्या पेट्या सरकत जातात. काम नसताना किरणस्रोत खोल पाण्याच्या हौदात उतरवलेला असतो. कोंब येऊ नये म्हणून कांद्याला द्यायची मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे. एक ग्रे म्हणजे किलोला एक ज्यूल. आता गंमत बघा: किलोभर कांद्याला ९० ज्यूल दिले तर त्याचं तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकंच वाढतं. हातात धरून अर्ध्या मिनिटात आपण त्याला त्याहून जास्त उष्णता देतो. पण गॅमा किरणाचा घाव कांद्याच्या गाभ्यातल्या वाढणाऱ्या पेशींच्या डीएनएवर बसतो आणि कोंब कायमचा थांबतो. दिवसभर उष्णतेचे हिशेब केल्यावर हे चपराकीसारखं आहे, कारण इथे ऊर्जा किती दिली याला अर्थ नाही, कुठे बसली याला आहे. सडणं मात्र याने थांबत नाही. बुरशी मारायला मात्रा कितीतरी जास्त लागते. कांदा काढल्यावर लवकर आणायचा, आत कोंब हलायला लागल्यावर आणून फायदा कमी. कोबाल्टची ताकद ५.२७ वर्षांत निम्मी होते, म्हणजे दर महिन्याला एक टक्का, आणि तेवढाच पट्टा हळू चालवावा लागतो.

दिवस तिसरा : गंगापूर

सकाळी गोदाघाटावर दुतोंड्या मारुती. पावसाळ्यात पाणी त्याच्या कुठवर आलं यावर नाशिककर पूर मोजतात. पायाला, कमरेला, छातीला. नारोशंकर मंदिराच्या घंटेचंही तेच. सरकारी भाषेत हा आकडा क्यूसेक असतो: एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. गंगापूर धरणातून दहा हजार क्यूसेक सोडले असं ऐकलं की सेकंदाला २८३ टन पाणी असं समजायचं. पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, वेग दुप्पट झाला तर रेटा चौपट. गुडघाभर पाण्यात घाट ओलांडायला निघणाऱ्यांचा अंदाज इथेच चुकतो.

गंगापूर धरणाची भिंत मातीची. त्याच्या अलीकडे-पलीकडे द्राक्षबागा आणि वाईनरी. फिरवून दाखवणारे मुख्यतः चव आणि वास सांगतात, आपण स्टीलच्या टाकीच्या अंगाकडे बघावं. टाकीभोवती दुहेरी पत्र्याचा पट्टा असतो, त्यातून ग्लायकॉल मिसळलेलं थंड पाणी फिरतं. का लागतं? लिटरभर रसात २२० ग्रॅम साखर असेल आणि यीस्टने ती सगळी फस्त केली तर सव्वाशे किलोज्यूलच्या आसपास उष्णता सुटते. ती आतच राहिली तर रस तीसेक अंशांनी तापेल. पंधरावर सुरू केलेली टाकी पंचेचाळीसवर पोहोचण्याआधीच यीस्ट मरतं, साखर तशीच राहते आणि नको ते जीवाणू माजतात. काम मध्येच अडकलेली टाकी पुन्हा चालू करणं ही या धंद्यातली डोकेदुखी. म्हणून पांढऱ्या वाईनचा रस १२ ते १६ अंशांवर, लाल वाईनचा पंचवीसच्या आसपास. घरातल्या पाच लिटरच्या बरणीला हे सोंग लागत नाही. तिचं अंग आतल्या मालाच्या मानाने मोठं, उष्णता आपोआप निघून जाते. टाकी जितकी मोठी तितकं अंग तोकडं पडतं. कांद्याच्या ढिगाचं जे, तेच इथे.

त्याच लिटरभर रसातून पन्नास लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी, खड्ड्यात, रिकाम्या टाकीत साचतो. टाकी धुवायला आत उतरण्याआधी पंख्याने हवा भरून वायुमापकाने तपासतात आणि बाहेर एक माणूस उभा ठेवतात. मेणबत्तीची चाचणी कुणी सुचवली तर ऐकू नये. ज्योत जळत असतानाही माणसाला भोवळ आणण्याइतका वायू असू शकतो.

दिवस चौथा : इगतपुरी-कसारा

नाशिकरोडहून सकाळची गाडी धरून इगतपुरी, तिथून घाट उतरून कसारा, आणि पुन्हा वर. थळ घाटाचा हा लोहमार्ग १८६५ चा. चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की एक मीटर वर. कसारा आणि इगतपुरीत उंचीचा फरक तीनशे मीटरच्या घरात.

बाराशे टनांची गाडी तीनशे मीटर वर न्यायची तर शुद्ध चढाईलाच ९८० युनिट लागतात. आजच्या साडेसहा हजार अश्वशक्तीच्या आतबाहेरच्या एका इंजिनात एवढी ताकद आहे. मग कसाऱ्याला मागे बँकर, म्हणजे ढकलायची जादा इंजिनं, का जोडतात? अडचण ताकदीची नसून पकडीची आहे. इंजिन धरून तेराशेवीस टन वजन, त्याचा सदतिसावा भाग साडेपस्तीस टन, वर चाकांच्या घर्षणाचे तीनेक टन. मध्येच सिग्नलला थांबून पुन्हा हलायचं तर जवळपास एकोणचाळीस टन ओढ हवी. सव्वाशे टनांचं एक इंजिन रुळावर घसरल्याशिवाय तेहतीसेक टनच ओढू शकतं. पावसात, शेवाळलेल्या रुळावर त्याहून कमी. पुढेच तीन इंजिनं लावली तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर सगळा ताण येईल. मागून ढकललं की ताण वाटला जातो, आणि कपलिंग तुटलंच तर मागचा भाग घसरत जात नाही.

उतरताना हेच ९८० युनिट कुठेतरी टाकावे लागतात. चोवीस डब्यांवर वाटले तर डब्याला चाळीस युनिट. आठही चाकांच्या सगळ्या लोखंडात पसरले तर सरासरी शंभर अंशांची वाढ. पण उष्णता आधी चाकाच्या कडेला येते, म्हणून ब्रेकच्या ठोकळ्यांना वास येतो. घाटाखाली उभ्या मालगाडीच्या चाकांवर गन धरून बघा. गंजकट काळं लोखंड असल्याने इथे टेप लागत नाही. एखादंच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं दिसलं तर त्याचा ब्रेक अडकलेला असतो. अगदी थंड असेल तर तो लागतच नाही.

रस्त्याच्या घाटातही तेच गणित, फक्त तिथे ते ड्रायव्हरच्या पायात असतं. ज्या गियरमध्ये चढ चढला असता त्याच गियरमध्ये उतरायचं. सतत ब्रेक दाबून आलं की ड्रम तापून फुगतो, लायनरपासून लांब जातो, पाय खोल जायला लागतो. हायड्रॉलिक ब्रेकच्या गाड्यांत तेल जुनं आणि पाणी धरलेलं असेल तर ते उकळून वाफ होते आणि पेडल थेट जमिनीला टेकतं. पायथ्याशी थांबलेले ट्रकवाले ड्रमवर बादलीने पाणी मारतात. बिडाला अचानक गार केलं की बारीक तडे जातात. वाट बघत चहा प्यावा, अर्ध्या तासात वारा ते काम करतो.

इंजिनाला मात्र दुसरी सोय आहे. उतारावर मोटरलाच जनित्र बनवून वीज वरच्या तारेत परत घालायची. १९२८ पासून भारतात आलेली आणि या घाटात धावलेली ‘खेकडा’ नावाची मगरतोंडी विद्युत इंजिनंसुद्धा हे करत. आजच्या थ्री-फेज इंजिनांत ते आणखी सफाईने होतं; परत आलेली वीज त्याच टापूत चढणारी गाडी खाते, उरली तर उपकेंद्रातून मागे जाते. इगतपुरीच्या फलाटावर संध्याकाळी अर्धा तास उभं राहिलं की बँकर सुटताना दिसतात. दोन-दोन, तीन-तीन इंजिनं एकमेकांना जोडून, मागे एकही डबा नसताना ती कसाऱ्याकडे परत निघतात, आणि उतरताना तीही तारेत वीज टाकत जातात.